स्वतःचं विमान घेतलं, तरी पुणतांब्याहून दुबई गाठणं इतकं अवघड का?

पुणतांब्याची प्रवासाच्या बाबतीतली सगळ्यात गाजलेली गोष्ट चांगदेवांची. हातात सापाचा चाबूक घेऊन वाघावर बसलेले चांगदेव ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले आणि समोरून ही भावंडं चक्क भिंतीवर बसून आली, अशी आख्यायिका आहे. चांगदेवांची समाधी आजही गोदाकाठी पुणतांब्यात आहे. त्या भेटीआधी चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पाठवलेलं पत्र कोरं होतं, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

आज मात्र कोऱ्या कागदावर कुणी हलू देत नाही. विमान उडवायचं असेल तर अजिबातच नाही.

कल्पना करा, राहाता तालुक्यातल्या एखाद्या हौशी माणसाने चार आसनी, एका इंजिनाचं विमान घेतलं. पैसे आहेत, परवाना आहे, सुट्टी आहे. शिर्डीचा विमानतळ काकडीत, म्हणजे हाकेच्या अंतरावर. दुबईत मावसभाऊ राहतो. मग निघायचं का?

हा प्रश्न ऐकून 'आमच्याकडे ट्रॅक्टरचा हप्ता थकलाय आणि तुम्ही विमानाचं काय सांगताय' असं वाटू शकतं. तेही पुणतांब्यात, जिथून १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. वाटणं साहजिक आहे. पण छोट्या विमानाचा प्रवास नीट पाहिला, तर सरकारचा कर, पेट्रोलमधलं इथेनॉल आणि भारत-पाकिस्तान सीमा एका माणसाच्या वाटेत कशा एकत्र येतात ते स्वच्छ दिसतं. मोठ्या विमानाच्या तिकिटात या सगळ्या गोष्टी झाकल्या जातात.

आधी विमान, मग त्यावरचा कर

जगात सगळ्यात जास्त बनलेलं छोटं विमान म्हणजे सेसना १७२. चार माणसं बसतात, पंख डोक्यावर, पुढे एक पंखा. नवीन घ्यायचं तर किंमत चार लाख डॉलरच्या वर, म्हणजे साडेतीन कोटी रुपयांच्या आसपास.

त्यावर कर किती? २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्या दिवशी साबण, बिस्किटं, छोट्या गाड्या स्वस्त झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्याच यादीत खाली कुठेतरी वैयक्तिक वापराचं विमान होतं. आधी त्यावर २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर होता, आता ४० टक्के झाला. पान मसाला, गोड शीतपेयं आणि मौजेच्या नौका ज्या खान्यात आहेत, त्याच खान्यात. म्हणजे साडेतीन कोटींच्या विमानावर साधारण १ कोटी ४० लाख रुपये नुसता जीएसटी.

तेच विमान प्रशिक्षण संस्थेने किंवा प्रवासी भाड्याने नेणाऱ्या कंपनीने आणलं तर दर ५ टक्के. यंत्र एकच, हेतू वेगळा, म्हणून कर आठपट. श्रीमंतांच्या खेळण्यावर जास्त कर लावण्यात गैर काही नाही. पण याचा अर्थ असा, की भारतात हौशी उड्डाणाची संस्कृती वाढावी असं सरकारलाही फारसं वाटत नाही. अमेरिकेत शेतकरी, डॉक्टर, शिक्षक जुनी सेसना घेऊन ठेवतात. आपल्याकडे स्वतःचं विमान म्हटलं की उद्योगपती आणि निवडणुकीतले नेतेच डोळ्यांसमोर येतात.

कागदांची थप्पी

विमान आलं की त्याला नंबर हवा. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाचा नंबर 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतो. नोंदणीचं प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, रेडिओचा परवाना, विमा, देखभालीच्या नोंदी, हे सगळं विमानासाठी. वैमानिकासाठी खासगी परवाना. त्याला वय किमान १७, शिक्षण दहावी पास, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. आणि हा खासगी परवाना असेल तर सोबत नेलेल्या माणसाकडून भाडं घेता येत नाही. मावसभावाकडूनही नाही.

हे नियम आहेत ते चांगलेच आहेत, पण कागद किती वेळ खाऊ शकतात याचं महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. त्यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, फोटो व्हायरल झाले. नोंदणी मात्र मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, २०११ पासूनच्या खटपटीनंतर. त्यानंतर उड्डाणाच्या परवानगीसाठी पुन्हा थांबावं लागलं. धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी उड्डाण होईपर्यंत २०२० उजाडलं.

आता १९३४ चा जुना विमान कायदा गेला आणि १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. बरेचसे अर्जही ऑनलाइन झालेत. तरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, आणि अर्जदार यांच्यातलं अंतर अजून बरंच आहे.

पेट्रोल आहे, पण कुठलं?

पुढचा टप्पा इंधनाचा. शिर्डीला उतरणारी एअरबस, बोईंग यांना लागतं ते जेट इंधन. ते रॉकेलच्या जातीचं असतं. सेसना १७२ ला ते चालत नाही. तिला लागतं एव्हगॅस, म्हणजे जास्त ऑक्टेनचं, अजूनही शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल. भारत ते वर्षानुवर्षं आयात करत होता. इंडियन ऑइलने स्वतः बनवलेलं एव्हगॅस सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणलं, ते वडोदऱ्याच्या रिफायनरीतून येतं. याचा पहिला फायदा हौशी मालकांपेक्षा धुळे, बारामतीसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांना. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तास उडावं लागतं आणि त्या प्रत्येक तासाचं इंधन शेवटी पालकांच्या खिशातून जातं.

मग गावच्या पंपावरचं पेट्रोल चालणार नाही का? काही विमानांना चालतं. रोटॅक्स ९१२ हे छोटं इंजिन जगभरच्या हलक्या विमानांत असतं आणि ते मोटारीच्या पेट्रोलवर मजेत चालतं. अट एवढीच, की कंपनी इथेनॉलचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंतच चालवून घेते. आपल्याकडच्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. म्हणजे ज्या साखर पट्ट्यातल्या उसापासून इथेनॉल बनतं, त्याच पट्ट्यातल्या पंपावरून हे विमान भरता येत नाही. ऊस उत्पादकाने विमान घेतलं तर हा विनोद त्याला रोज ऐकावा लागेल.

तिसरा मार्ग म्हणजे जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिनाची छोटी विमानं, उदाहरणार्थ डायमंड कंपनीची. जिथे मोठी विमानं उतरतात तिथे यांचं इंधन मिळतं. लांबच्या परदेश प्रवासासाठी हाच शहाणा पर्याय, फक्त किंमत सेसनापेक्षा बरीच वर.

खरा प्रश्न इथून सुरू होतो

समजा सगळं जमलं. शिर्डीहून सध्या देशांतर्गत विमानंच सुटतात. देशाबाहेर जायचं तर इमिग्रेशन आणि कस्टम्स असलेल्या विमानतळावरूनच निघावं लागतं. म्हणून आधी मुंबई किंवा अहमदाबाद. शिर्डी-अहमदाबाद हे सरळ रेषेत साधारण ४२० किलोमीटर, सेसनाला दोन तास. इथपर्यंत ठीक.

आता नकाशा उघडा. अहमदाबादहून मस्कत सरळ रेषेत साधारण १,४५० किलोमीटर, बहुतेक सगळा समुद्र. सेसना १७२ ची टाकी भरून जाण्याची मर्यादा सुमारे १,१८५ किलोमीटर, तीही वारा साथ देत असेल तर आणि राखीव इंधनाचा विचार बाजूला ठेवून. म्हणजे विमान पोचतच नाही. मध्येच संपतं.

मग एवढी वर्षं लोक जात कसे होते? उत्तर आहे कराची. अहमदाबाद ते कराची सुमारे ६०० किलोमीटर. कराची ते मस्कत सुमारे ९००. दोन्ही उड्या छोट्या विमानाच्या आवाक्यातल्या, आणि हवं तर बराच वेळ किनारा नजरेत ठेवून जाता येतं.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केली, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांसाठी. तेव्हापासून ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवली जात आहे. बातम्यांमध्ये आपण याचा एकच परिणाम वाचला: एअर इंडियाच्या युरोप-अमेरिकेच्या फेऱ्यांना जास्त वेळ लागतो, इंधन जास्त जळतं, सुरुवातीला काही विमानं मध्ये व्हिएन्नाला थांबत होती. मोठ्या विमानाला बंदी म्हणजे वळसा. छोट्या विमानाला मात्र बंदी म्हणजे रस्ताच बंद.

याची तुलना अटलांटिक महासागराशी करून पाहा. ऐकायला अटलांटिक कितीतरी भीतीदायक. पण उत्तरेकडून गेलं तर स्कॉटलंड, आइसलँड, ग्रीनलँड, कॅनडा अशी पायरी-पायरीने वाट आहे, आणि हजार किलोमीटरच्या आत पुढचा विमानतळ सापडत जातो. अरबी समुद्रात अशी पायरी नाही. आपली पायरी कराची होती.

मुंबईच्या आरोही पंडितने हे दोन्ही अनुभवलं आहे. जुलै २०१८ च्या शेवटी ती आणि कीथेअर मिस्किटा या दोघी पतियाळाहून 'माही' नावाच्या दोन आसनी विमानातून निघाल्या. पिपिस्ट्रेल कंपनीचं हे साइनस विमान जेमतेम ४०० किलोंचं, इंजिन वर सांगितलेलं रोटॅक्स. पंजाब, राजस्थान, गुजरात असं करत त्या आधी पाकिस्तानात उतरल्या, मग इराण, तुर्कस्तानमार्गे युरोपात पोचल्या. पुढे मे २०१९ मध्ये आरोहीने एकटीने स्कॉटलंडमधल्या विकहून आइसलँड, ग्रीनलँड करत कॅनडातलं इकालुइट गाठलं. इतक्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक पार करणारी ती पहिली महिला, तेव्हा वय २३. त्याच ऑगस्टमध्ये अलास्काहून बेरिंग समुद्र ओलांडून ती रशियातल्या अनादिरला उतरली.

कौतुक अर्थातच अटलांटिकचं झालं आणि ते योग्यच होतं. पण आज तीच मोहीम भारतातून काढायची म्हटली तर बर्फ आणि महासागर नंतरचे, पहिलीच पायरी गायब आहे. २०१९ मध्येही बालाकोटनंतर पाकिस्तानची हद्द फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होती. आरोही-कीथेअर त्याच्या आदल्या वर्षी निघाल्या म्हणून सुटल्या. याला नशीब म्हणायचं की वेळ साधणं, तुम्ही ठरवा.

समुद्रावरून थेट जाता येणारच नाही का?

येतं. बेल्जियमच्या झारा रदरफोर्डने ते केलं आहे. १९ वर्षांची असताना, ऑगस्ट २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात, तिने एकटीने छोट्या 'शार्क' विमानातून जगप्रदक्षिणा केली. त्या प्रवासात ती मुंबईला उतरली आणि इथून आखाताकडे गेली. तिने युक्ती केली ती अशी, की मागचं आसन काढून तिथे जादा इंधनाची टाकी बसवली.

म्हणजे उपाय आहे, पण किंमत मोजून. जादा टाकी म्हणजे विमानात बदल, त्याला वेगळी मंजुरी. वजन वाढतं, मग सोबतीला कुणी नको. एका इंजिनावर सहा-सात तास समुद्र, म्हणून लाइफ जॅकेट, फुगवायची होडी, संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र, हे सगळं हवं आणि ते वापरायचं प्रशिक्षणही. मान्सूनमध्ये तर हा विचारही करू नये. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरचे ढग छोट्या विमानाच्या उंचीच्या खूप वर जातात. मोठं विमान त्यातल्या बऱ्याच ढगांवरून निघून जातं, सेसनाला मात्र त्यातून किंवा बाजूनेच जावं लागतं.

शिवाय पलीकडचं आकाशही आता भरवशाचं राहिलेलं नाही. २३ जून २०२५ च्या रात्री इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली, तेव्हा कतार, बहारीन, कुवेत, अमिराती यांनी काही तास हवाई हद्द बंद केली. मोठी विमानं माघारी फिरली, दुसरीकडे उतरली. समुद्रावर चार तास आलेल्या सेसनाला माघारी फिरायला पेट्रोल उरलेलं नसतं.

कायदा काय म्हणतो?

गंमत अशी, की कागदावर खासगी विमानाला बराच मोठा हक्क आहे. ७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचं पाचवं कलम सांगतं, की नियमित वेळापत्रकावर नसलेल्या विमानाला सदस्य देशांच्या हद्दीतून जाता येईल आणि भाड्याची वाहतूक सोडून इतर कारणांसाठी आधी परवानगी न घेता उतरताही येईल. मात्र त्यात देशांना आपल्या अटी घालायची सोय आहे, आणि भारतासह बरेच देश ती पुरेपूर वापरतात. परवानगी आधी, तीही प्रत्येक देशाची वेगळी, ठरावीक दिवसांपुरती. एका देशाची यायला उशीर झाला की पुढच्या सगळ्यांच्या तारखा चुकतात. झारालाही वाटेत अलास्कात आणि रशियात मिळून अनेक आठवडे अडकून पडावं लागलं होतं, हवामान आणि कागद दोन्हींमुळे.

देशातल्या देशात उडतानाही हवाई दलाकडून मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. सीमेजवळच्या राज्यांत तर त्याबाबत जास्तच काटेकोरपणा असतो. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. रडारवर अनोळखी ठिपका दिसला तर तो हौशी माणसाचा आहे की आणखी कुणाचा, हे ओळखायला वेळ नसतो.

मग जायचं तरी कुठे?

पूर्वेला. शिर्डीहून नागपूर, तिथून कोलकाता साधारण हजार किलोमीटर, कोलकाता ते यांगून पुन्हा हजाराच्या आसपास, आणि यांगून ते बँकॉक ६०० च्या आत. उड्या मोठ्या आहेत, पण सेसनाच्या आवाक्यात. पुढे मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया अशी बेटाबेटांची साखळी पार ऑस्ट्रेलियापर्यंत जाते. म्यानमारमधला संघर्ष आणि प्रत्येक ठिकाणी एव्हगॅस मिळतंय का हे बघावं लागेल. पण निदान नकाशावर पायऱ्या आहेत. मावसभाऊ दुबईऐवजी बँकॉकला असता तर काम सोपं झालं असतं.

पश्चिमेची वाट बंद असणं हे महाराष्ट्राच्या दृष्टीने जरा जास्त टोचतं, कारण भारतातल्या छोट्या विमानांचा इतिहासच त्या वाटेवर घडला. १९३० मध्ये आगा खान यांनी भारत ते इंग्लंड किंवा उलट एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी ५०० पौंडांचं बक्षीस ठेवलं होतं. मुंबईचे जेआरडी टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले, अ‍ॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे. दोघांची गाठ इजिप्तमधल्या अबूकीरला पडली. अ‍ॅस्पींचं विमान स्पार्क प्लगअभावी अडलं होतं. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्यांना दिले. बक्षीस अ‍ॅस्पींनी जिंकलं, जेआरडी काही तासांनी मागे पडले. १९८८ मध्ये विजयपत सिंघानिया यांनी मायक्रोलाइट विमानातून इंग्लंड ते भारत हा प्रवास २३ दिवसांत केला.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांच्या 'पस मॉथ' विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. भारतातल्या नियमित हवाई टपाल सेवेची ती सुरुवात. अर्थात तेव्हा कराची परदेश नव्हतं, एकाच इंग्रजी अमलाखालचं बंदर होतं.

याच उड्डाणाची आठवण म्हणून १५ ऑक्टोबर २०२१ ला आरोही पंडितने 'माही'मधून तीच वाट पुन्हा उडायची ठरवली. अहमदाबाद होतं, जुहू होतं. कराचीच्या जागी मात्र भूज घ्यावं लागलं. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी बॉम्बहल्ल्यात भूजची धावपट्टी फुटली होती आणि माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी रात्रंदिवस राबून ती तीन दिवसांत दुरुस्त केली होती. ती तिथूनच निघाली.